धाकटीची सोंगटी

१

रविवारी जेवणं उरकली की मी भांडी तशीच सिंकमध्ये टाकून निघायची. नवरा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणायचा, "चाललं बाळ खेळायला." मी चाळिशी ओलांडलेली बाई. आठवडाभर दातांच्या लॅबमध्ये मान मोडून लोकांच्या कवळ्या नि कॅपा घडवणार, आणि रविवारी दुपारी फासे टाकायला पळणार. त्याला हसू येणारच.

खेळ तसा साधा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "समोर दार आहे, काय करतेस?" असं सांगणारा विचारतो. दार उघडायचं, लाथ घालायची की पाय लावून पळायचं, ते आपण ठरवायचं. जमलं की नाही ते फासे ठरवतात. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याला आम्ही मास्तर म्हणायचो.

मास्तर इमारतींची मॉडेलं बनवायचे. सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. पुठ्ठ्याचे ताव, पात्यांचे तुकडे, सरसाचा वास, आणि मधोमध एक मोठं टेबल. खेळासाठी ते खास खोल्या करायचे. वीतभर उंचीच्या, वरचं झाकण उचललं की आतलं सगळं दिसणाऱ्या. खिडकीला गज, भिंतीला ओल, जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या. माणूस कसाही असो, हात सोन्याचा होता.

खेळायला आम्ही चौघं. मी. माझी धाकटी बहीण, पोहायला शिकवणारी, जिचा आवाज तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री, आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे. आणि माझा शाळेपासूनचा दोस्त, औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याला आम्ही चिडवायला कंपाउंडर म्हणायचो.

सगळ्यांच्या सोंगट्या मी घडवल्या होत्या. आधी मेणात कोरायच्या, मग साचा घ्यायचा, मग कवळीच्या गुलाबी मालात ओतून रंगवायच्या. धाकटीची सर्वांत छान जमली होती. निळा झगा, डोक्यावर टोपडं, आणि त्याखाली तिचा तो चेहरा. डावी भुवई किंचित वर, समोरच्याचं काहीएक पटत नसल्यासारखी.

२

मास्तर वाईट खेळवायचे. हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

फासे ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचे. आम्हाला कधी दाखवले नाहीत. फासे खडखडायचे, ते आत बघायचे, मग आमच्याकडे बघून म्हणायचे, "चुकलं." आम्ही काय करतो हे विचारायचंही त्यांनी हळूहळू सोडून दिलं. "तू दार उघडतेस. तू घाबरतेस. तू त्याच्या पाया पडतोस." कंपाउंडरच्या पात्राला त्यांनी एकदा अख्खी दुपार भीक मागायला लावली. मिस्त्रींनी खेळात एक घोडा पाळला होता, त्याला नाव ठेवलं होतं, त्याच्यासाठी दर खेपेला गवत शोधायचे. एका रविवारी मिस्त्रींना उशीर झाला, कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती. ते धापा टाकत आले तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "घोडा मेला. वेळेवर आला असतास तर वाचला असता."

पन्नाशी उलटलेला माणूस, खाली मान घालून स्वतःच्या बोटांवरचं काळं ग्रीस खरवडत बसला.

आम्ही तरी जायचो. कारण दुसऱ्याची पाळी असली की मजा यायची. आणि गोष्ट ते अशी सांगायचे की घरी आल्यावर आपलं घरच खोटं वाटायचं.

धाकटीला मात्र ते सहन झालं नाही. घोडा मेला त्याच्या पुढच्याच रविवारी तिनं हातातला नकाशा खाली ठेवला.

"मास्तर, एक सांगू? तुम्ही आमच्याशी खेळत नाही. तुम्ही आम्हाला खेळवता."

"बरं मग?"

"मग काही नाही. मला नाही खेळायचं."

मला वाटलं, ते भडकतील. ते हसले. "जा की. दार उघडंच आहे," ते म्हणाले. "पात्र मात्र इथं राहील."

तिनं सोंगटीकडे हात नेला. मास्तरांनी ती आधीच उचलली होती.

"राहू द्या. पुजा तिला," धाकटी म्हणाली आणि जिना दणदणत उतरली. खाली गेल्यावर रस्त्यावरून तिनं मला हाक मारली, "ताई, संध्याकाळी फोन कर गं!" काच बंद होती, तरी शब्दन्‌शब्द ऐकू आला. तशी ती ओरडायची.

३

पुढच्या रविवारी टेबलावर एक नवी खोली होती. राखाडी. तिला खिडकी नव्हती. जरा बघितल्यावर लक्षात आलं, दारही नव्हतं.

"सुरुवात करण्याआधी जरा डोकावू," मास्तर म्हणाले आणि झाकण उचललं.

आतून ओल्या गिलाव्याचा वास आला. पुठ्ठ्याला त्यांनी खरा गिलावा केला होता. मधे धाकटीची सोंगटी आडवी पडली होती.

"पात्र उठून बसतं," मास्तर म्हणाले. "अंधार आहे. पात्र हाक मारतं. बघू कुणाला ऐकू जाते का." आडोशामागे फासे खडखडले. "नाही. कुणालाच नाही."

आणि झाकण लावलं.

ती गेल्यापासून ते तिला 'ती' म्हणत नव्हते. 'पात्र' म्हणायचे, 'ते' म्हणायचे. आणि हे सांगताना खोलीत बघायचेच नाहीत. बघायचे माझ्या तोंडाकडे.

"अहो, ती सोडून गेली ना?" मिस्त्री म्हणाले. "सोंगटी द्या की ताईंकडे."

"पात्र खेळाचं असतं. माणसाचं नसतं." मास्तरांनी नकाशा उलगडला. "चला, कोण पुढे जातंय?"

आम्ही पुढे गेलो. त्या दिवशी माझं पात्र एक पूल ओलांडून गेलं, मला आठवतंय, आणि मला त्याचा आनंदही झाला.

आठवड्याच्या मधे धाकटीचा फोन आला. "घसा बसलाय का गं माझा?" तिनं विचारलं.

"नाही. का?"

"तलावावर पोरं ऐकत नाहीत. मी बोंबलतेय, एकही मान वळवत नाही. शिट्टी वाजवली की वळतात. घशाच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो सगळं ठीक आहे. त्यालाही मला दोन-दोनदा सांगावं लागलं."

"पोरं वात्रट झाली असतील."

"सगळी एकदम?"

मी हसले. तीही हसली असावी. फोनवर नीट ऐकू आलं नाही, रेंज नसेल.

४

मग दर रविवारी आधी खोली, मग खेळ. पात्र हाक मारतं. पात्राला थंडी वाजते. पात्र भिंत चाचपतं, तळव्यानं मोजतं, म्हणजे खोली केवढी आहे ते तरी कळावं. मोजून झालं की मास्तर एका भिंतीला नख लावायचे आणि ती आत ढकलायचे. भिंत सरकायची सोय त्यांनी करून ठेवली होती. पुठ्ठ्यावर पुठ्ठा घासल्याचा बारीक आवाज व्हायचा. "पात्र पुन्हा मोजतं. एक तळवा कमी भरतो. पात्राला वाटतं, आपणच मोजायला चुकलो."

हे त्यांनी सावकाश, चवीचवीनं सांगितलं.

त्या दिवशी मिस्त्री उठून उभे राहिले. "मास्तर, माझा धंदा काय आहे ठाऊक आहे ना? लिफ्टमध्ये माणूस अडकला की आम्ही मोटर नंतर बघतो. आधी आवाज देतो. नाहीतर माणूस आतल्या आत संपतो." आणि मास्तर काही म्हणायच्या आत ते त्या पुठ्ठ्याच्या खोलीवर वाकले, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि खरंच हाक दिली. "आम्ही आहोत गं इथं! घाबरू नको!"

कंपाउंडरला हसू फुटलं. मलाही आलं. मोठा माणूस, खोक्यात तोंड घालून ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. तो एरवी माझ्याशी सणसमारंभापुरता बोलायचा.

"ताई, जरा येऊन जाल का? ही भिंती मोजत बसते."

"भिंती?"

"हातानं. आधी वाटलं कपाट सरकवायचं असेल. पण स्वयंपाक करता करता मधेच उठते, मोजते, परत येते. काल दुपारी न्हाणीघरातून रडत बाहेर आली. म्हणे आतमधे कुणी पुरुष बोलला."

"काय बोलला?"

"'आम्ही आहोत इथं.' बस, एवढंच. वरच्या मजल्यावरचं कुणी असेल. पाइपातून आवाज येतात."

"येतात," मी म्हणाले. माझ्या हातातला मेण कोरायचा चाकू गार पडला होता. तो पुन्हा गरम करायचा असतो, हेही सुचेना.

५

मी रजा टाकून गेले. भरदुपार होती, घरात लख्ख उजेड. धाकटीनं दार उघडलं. केस विंचरलेले, कपडे धुतलेले, चेहरा ठीक. मला उगाच हायसं वाटलं.

ती बोलू लागली आणि माझं हायसं वाटणं विरलं.

तिचे ओठ हलत होते, ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, आणि आवाज दुसऱ्या खोलीतून येत होता. बंद दारामागून यावा तसा. घुसमटलेला, आणि ओठांपेक्षा जरासा उशिरा.

मी स्वतःशी कारणं जुळवली. दिवसभर कानाशी ग्राइंडर चालतो माझ्या, कान गेले असतील. पंखा घरघरतोय. मी उठून पंखा बंद केला. आता तर आणखी स्पष्ट झालं. आवाज भिंतीतून येत होता.

"मोठ्यानं बोल," मी म्हणाले.

"ओरडतेय ताई," ती म्हणाली. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. "मी केव्हाची ओरडतेय."

"बाहेर चल. जरा फिरून येऊ."

ती दाराकडे गेली. दार उघडं होतं, मी मघाशी त्यातूनच आत आले होते. ती चौकटीपाशी थांबली, आणि जिथं नुसती हवा होती तिथं तिनं तळवा टेकवला. हळूच. मग त्याच्या शेजारी दुसरा. तिथं काही नव्हतं, तरी तळवा टेकल्यावर बोटांची टोकं पांढरी पडतात तशी ती पडली.

"बघ," ती म्हणाली. "कालच्यापेक्षा कमी."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना ओल्या गिलाव्याचा वास येत होता.

६

मास्तरांशी बोलून बघायचं ठरलं. समजावून सांगू, ऐकेल माणूस, असं कंपाउंडर म्हणाला. आम्ही तिघं खेळाच्या दिवसाची वाट न बघता गेलो. मास्तर कुठल्याशा शाळेच्या मॉडेलला झाडं चिकटवत होते. मी सगळं सांगितलं. सांगताना मलाच ते मूर्खपणाचं वाटत होतं.

ते शेवटपर्यंत ऐकून घेत राहिले. मधेच त्यांनी चिमटा खाली ठेवला, नीट लक्ष देता यावं म्हणून. मी थांबले तेव्हा म्हणाले, "बोटं पांढरी पडली?"

"हो."

"सगळी?"

तेव्हा मला कळलं, त्यांना ते आवडत होतं. माहीत नव्हतं असंही नव्हतं, आणि खोटं वाटलं असंही नव्हतं. एखाद्याला आपल्या कामाचं कौतुक ऐकायला आवडतं, तसं ते ऐकत होते.

"सोडा तिला," मी म्हणाले. "हात जोडते तुमच्यापुढे."

"असं नाही. खेळात माग. तुझं पात्र येऊ दे हात जोडत."

कंपाउंडर ताडकन उठला. "झालं. संपलं. माझ्या घरी लहान लेकरं आहेत. मी यापुढे या माडीवर पाय ठेवणार नाही."

"जा की," मास्तर म्हणाले. त्यांनी खण उघडला. आत कंपाउंडरची सोंगटी होती. शेजारी मिस्त्रींची, माझी. खालच्या फळीवर पुठ्ठ्याच्या आणखी खोल्या दिसत होत्या. राखाडी, कापून ठेवलेल्या, फक्त जोडायच्या बाकी.

कंपाउंडर दारापर्यंत गेला होता. तो परत आला. खुर्ची ओढली आणि बसला.

"मास्तर," मिस्त्रींनी विचारलं, "तुमची सोंगटी कुठं आहे?"

"माझी?" त्यांना खरोखरच गंमत वाटली. "सांगणाऱ्याला पात्र नसतं. म्हणून तर मी सांगतो."

आम्ही जिना उतरलो. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता. "आज मधल्या दिवशीच खेळ?" त्यानं हसत विचारलं. आम्हीही हसलो. दुसरं काय करणार?

७

आमच्या लॅबमध्ये जुने साचे लवकर टाकून देत नाहीत. मास्तरांनी आमच्याकडून दाढेवर कॅप बसवून घेतली होती, त्यामुळे त्यांचा जबडा माळ्यावरच्या खोक्यात होता. पांढऱ्या प्लास्टरचा, खालचा आणि वरचा. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले.

तो समोर ठेवून मी मेण हातात घेतलं.

"नुसती धाकटीची सोंगटी पळवली तर?" मिस्त्रींनी विचारलं. ते नि कंपाउंडर माझ्या कामाच्या टेबलाशी बसले होते.

"ते दुसरी करतील. पुठ्ठ्याची, कसलीही. आणि मग राग आलेला असेल."

"पण मास्तरांची करून काय होणार?"

"मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. पण कोरताना माझा हात कधी नव्हे इतका सरळ चालला. दातांवरून ओठ कळतात, ओठांवरून गाल. गालावरची ती समजूतदार सुरकुती उमटली तेव्हा कंपाउंडरनं तोंड फिरवलं. मी साचा घेतला, ओतलं, घासलं, रंगवलं. वरून धाकटीसारखाच निळा झगा दिला. टोपडं पुढे ओढलं, इतकं की वरून बघणाऱ्याला चेहरा दिसू नये.

रविवारी कंपाउंडरनं मास्तरांना मागच्या मोरीपाशी गाठलं. ते चहाचं आधण ठेवत होते, आणि हा त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घेता की संध्याकाळी, पायाला सूज येते का, असलं काय काय विचारत राहिला. मी झाकण उचललं. आतली जागा आता मुठीएवढी उरली होती. धाकटीची सोंगटी दोन भिंतींमध्ये उभीच अडकली होती. ओढून काढताना झग्याचा रंग खरवडला. मी ती पदराआड खोचली, दुसरी तिच्या जागी ठेवली, पाठमोरी, आणि झाकण लावलं.

मिस्त्री जिन्याच्या दाराला पाठ लावून उभे होते. त्यांनी मला नुसती मान हलवली.

८

मास्तर चहा घेऊन आले. आमच्याकडे बघून म्हणाले, "आज सगळे फार शहाण्यासारखे बसलेत."

मी म्हणाले, "मास्तर, खेळात मागायचं ठरवलंय."

"वा." त्यांनी हात चोळले. "आधी डोकावू."

त्यांनी झाकण काढलं, आणि नेहमीसारखंच, आत न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ते तोंड त्यांना हवं तसं ठेवलं. त्याला फार अभिनय करावा लागला नाही.

"पात्र अजून जागं आहे," ते म्हणाले. "बसायला जागा नाही. पात्र भिंतीला गाल लावून उभं आहे. पात्र हाक मारतं." फासे खडखडले. "बघू, कुणाला ऐकू..."

त्यापुढचं मला ऐकू आलं नाही.

त्यांचे ओठ हलत होते. ते अजून माझ्याकडेच बघत होते, अजून हसत होते, आणि वाक्य पूर्ण करत होते. वाक्य आलंही. पण उशिरा, खालून, टेबलावरच्या खोक्यातून. "...जाते का."

मग त्यांनी स्वतःच ते ऐकलं.

त्यांनी मान खाली घातली. आत बघितलं. बोटानं ते टोपडं मागे सारलं. ते जे काही ओरडले, ते गिलाव्याच्या आतून, उंदराच्या आवाजाएवढं आलं.

त्यांनी सोंगटी उचलायला हात घातला. मी जोर लावून झाकण त्यांच्या बोटांवर आणलं. त्यांनी हात मागे घेतला तशी ते बसलं. मिस्त्रींनी त्यांचे खांदे धरले, मारहाण करायला नव्हे, नुसतं खुर्चीत बसवायला. कंपाउंडरनं आडोसा बाजूला केला. फासे पहिल्यांदाच आमच्यासमोर पडले होते. मी एक उचलला. सगळ्या बाजू कोऱ्या होत्या. ठिपके घासून काढलेले, गुळगुळीत.

मास्तर आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत होते. ओठ हलायचे थांबेनात. मिस्त्री खोक्याकडे वाकले. मला वाटलं, आता ते तळवे तोंडाशी नेतील. त्यांनी तोंड उघडलं, बघितलं माझ्याकडे, आणि मिटलं.

"चहा गार होतोय," कंपाउंडर म्हणाला.

आम्ही चहा प्यायलो. त्यांच्यासमोर बसून. मग मी भिंतीला नख लावलं.

९

मास्तरांना त्यांच्या थोरल्या भावानं नेलं. जाताना म्हणे ते सगळ्या चौकटींना हात लावत होते, आणि भाऊ म्हणत होता, अरे, जरा मोठ्यानं सांग, काय म्हणतोस ते कळत नाही. वर्कशॉपला कुलूप लागलं. त्याआधी खोली मी आणली होती, आणि खणातल्या आमच्या सोंगट्याही.

धाकटीचा आवाज त्याच संध्याकाळी परत आला होता. फोन मला कानापासून लांब धरावा लागला. पुढच्या आठवड्यात ती तलावावर गेली, आणि तिच्या पहिल्याच हाकेला सगळी पोरं गपकन काठाला लागली.

एका रविवारी दुपारी आम्ही चौघं लॅबमध्ये जमलो. सुट्टी होती, दुसरं कुणी नव्हतं. खोली माझ्या टेबलावर होती. तिचं काय करायचं, एवढंच ठरवायचं होतं.

"पुरे झालं आता," मिस्त्री म्हणाले. "माणूसच आहे तोही. काढून टाकू बाहेर. मला झोप लागत नाही."

"बाहेर आला की पहिलं काय करेल?" कंपाउंडर म्हणाला.

"मग निदान अधूनमधून झाकण उघडू. आवाज देऊ."

धाकटीनं अजून खोलीला हात लावला नव्हता. आता ती म्हणाली, "आत कसं असतं ते मला विचारा ना."

मग तिनंच सांगितलं.

"आधी डोळे मिटले की मी तिथं असायची. नंतर उघडे ठेवले तरी. भिंतीची सवय होते. अंधाराची पण होते. पण अधूनमधून वरून उजेड यायचा, आणि कुणीतरी माझ्याबद्दल बोलायचं. वाईटच बोलायचं. मी त्याचीच वाट बघायची. तेवढ्यावर तग धरला मी, ताई. तो उजेड आला नसता ना, तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"मग बरोबर आहे की माझं," मिस्त्री म्हणाले. "उघडायला हवं अधूनमधून."

धाकटीनं डावी भुवई जराशी उचलली.

"ताई, तुमच्या इथं प्लास्टर कसं कालवतात गं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजर वळवली नाही. माझी धाकटी बहीण, जिला मी सायकल शिकवली, वेण्या घालायला शिकवलं.

"आधी पाणी घ्यायचं," मी म्हणाले. "पावडर वरून भुरभुरायची. मग घोटायचं, बुडबुडे राहू द्यायचे नाहीत."

मी रबरी वाडगं तिच्यापुढे सरकवलं. तिनं नीट घोटलं, मन लावून. मिस्त्री उठून खिडकीपाशी गेले आणि रस्त्याकडे बघत राहिले. कंपाउंडरनं खोली धरली, हलू नये म्हणून. तिनं आधी झाकणाच्या फटी भरल्या, मग भिंती, मग वरून ओतत गेली. पुन्हा कालवलं. पुन्हा ओतलं. आतून बारीकसा थपथप आवाज आला, अगदी एकदाच, की मला तसं वाटलं. कंपाउंडरचे हात हलले, पण त्यानं धरून ठेवलं.

शेवटी टेबलावर एक पांढरं ढेकूळ उरलं. त्यात खोली आहे हे नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. कुणाला माहीत नसेल तर सांगते, अंगात ताप असावा तसं. धाकटीनं त्यावर गाल टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच होती.

"काय ऐकू येतं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. तिच्या त्या खणखणीत आवाजात. कपाटातल्या काचा थरथरल्या.

मग तिनं बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायला सांगितलं, आणि पुन्हा कान लावला.